रुमालाखालची बोटे

काटोलच्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने (बी. ए.ला त्याने मराठी वाङ्मय घेतले होते, हे मुद्दाम सांगतो) संत्रा बागायतदारांसाठी एक छोटेसे अ‍ॅप तयार केले. आंबिया बहार धरायचा की मृग, झाडांना ताण कधी दिला, पाणी केव्हा सोडले, फवारणी कोणती झाली, बगीच्याचा सौदा कितीला ठरला आणि त्यातला इसार किती हाती आला, या साऱ्याची नोंद फोनवर ठेवायची सोय त्यात आहे. शब्द सगळे काटोल-नरखेडकडचे. संगणकाचे शिक्षण त्याने स्वतःच, रात्री जागून घेतले. अ‍ॅप दाखवायला तो घरी आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "सर, दुकान त्यांचं, नियम त्यांचे, काटाही त्यांचाच. ही तर अडतच झाली की!"

त्याने हे गमतीने म्हटले होते. माझ्या मनातून मात्र ते जाईना. अडतीचा इतिहास आपल्या विदर्भात चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे, तो कागदोपत्री उपलब्ध आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत सावकार पावलोपावली भेटतो. अडत्या मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदापुरता येतो आणि हिशेबाची चिठ्ठी हातात ठेवून निघून जातो. प्रस्तुत लेखात त्या चिठ्ठीपासून सुरुवात करून खिशातल्या दुकानापर्यंत यायचा विचार आहे. वाट जरा वळणाची आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर वऱ्हाड आणि मध्य प्रांताकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली लॉर्ड मेयो स्वतः खामगावला येऊन तेथील रेल्वेफाटा खुला करून गेले. या भागासाठी खास 'कॉटन कमिशनर' नेमण्यात आला होता. रिव्हेट-कार्नॅक हे त्यांचे नाव. (हेच गृहस्थ नागपूर-काटोल रस्त्यावरील जुनापाणीची महापाषाणयुगीन शिलावर्तुळे खणून त्यांवर लिहिणारे. कापसाचा दर्जा तपासायला निघालेला साहेब वाटेत हजारो वर्षांपूर्वीची थडगी उकरतो, हा योग मला नेहमीच मोहात पाडतो. पण तो विषय वेगळा.) हिंगणघाटच्या कापसाचे नाव मँचेस्टरपर्यंत पोचले होते, पण व्यापाऱ्यांची एक तक्रार कायम असे. कापसात भेसळ होते, सरकी-माती मिसळली जाते, ओलावा दिला जातो. माल शुद्ध मिळावा आणि वाजवी भावाने मिळावा, ही त्यांची निकड होती.

या निकडीतून १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला हा पहिला नियंत्रित बाजार समजला जातो. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे होते, म्हणून हुकूम रेसिडेन्सीचा. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. या कायद्याने काय केले? रेसिडेंटला एखादी जागा बाजार म्हणून जाहीर करता येऊ लागली. एकदा ती जाहीर झाली की परवानगीवाचून आसपास दुसरा बाजार भरवता येईना. दलाल आणि मापारी यांना परवाने लागू झाले. कारभारासाठी समिती आली. काटे तपासले जाऊ लागले, आणि शेतकऱ्याला त्याचा थोडाफार लाभ झाला हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण समितीत वर्चस्व व्यापाऱ्यांचे. ज्याच्या बंडीतून कापूस येई त्याला तिथे बसायला जागा मिळेल याची हमी कायद्यात नव्हती. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने १९२८ सालच्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस देशभरासाठी केली, ती वऱ्हाडचा नमुना समोर ठेवून आणि त्यातले हे व्यंग दाखवून. काटोल वऱ्हाडात नव्हते, मध्य प्रांतातल्या नागपूर जिल्ह्यात होते. तिकडे कापसाच्या बाजारांचा कायदा १९३२ साली आणि इतर शेतमालाचा १९३५ साली आला. आजच्या बाजार समित्या ज्याच्या आधारे उभ्या राहिल्या तो महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालचा.

कायद्याच्या आधीचा बाजार कसा होता, हे नव्या पिढीला सांगितल्याशिवाय कळायचे नाही. शेतकरी माल घेऊन अडत्याकडे येई. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात रुमालाखाली किंवा उपरण्याखाली धरत, बोटांच्या दाबाने भाव बोलत. याला 'हत्ता' म्हणत. शेतकरी शेजारीच उभा असे. आपल्याच मालाचा भाव ठरतो आहे हे त्याला दिसे, पण काय ठरते आहे हे दिसत नसे. रुमाल दूर झाला की आकडा सांगितला जाई आणि मग चिठ्ठीवर वजावटी सुरू होत: अडत, तोलाई, हमाली, वाराई, कडता, धर्मादाय. या 'धर्मादाय'ची मला फार मौज वाटते. दान शेतकऱ्याच्या पैशातून व्हायचे आणि पुण्य दुसऱ्याच्या खाती जमा व्हायचे. नियमनाने हत्ता पद्धत बंद करून उघड लिलाव आणला, ही माझ्या मते त्या सगळ्या कायद्यांची सर्वांत मोठी कामगिरी आहे. अडतीचा टक्का त्यामानाने दुय्यम. शिवाय तो कोणी भरायचा, हा वाद तर अगदी अलीकडे निकालात निघाला: फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी, असे महाराष्ट्राने २०१६ साली ठरविले आणि त्याच वेळी हा माल बाजार समितीबाहेर विकायलाही मोकळीक दिली.

आता दुसऱ्या बाजाराकडे वळू.

मोबाइलवर काही विकण्याचा धंदा आपल्याकडे अ‍ॅपच्या आधीपासून आहे. २००० नंतरच्या दशकात रिंगटोन, भविष्य, क्रिकेटचा स्कोअर असल्या गोष्टी लघुसंदेशावरून विकल्या जात. त्यांतला मोठा वाटा दूरसंचार कंपन्या ठेवून घेत, बनविणाऱ्याच्या हाती उरेल ते येई. या पार्श्वभूमीवर १० जुलै २००८ रोजी अ‍ॅपलने सुमारे पाचशे अ‍ॅप मांडून आपले दुकान उघडले आणि बनविणाऱ्याला सत्तर टक्के, दुकानाला तीस टक्के असा हिशेब जाहीर केला, तेव्हा तो उदार वाटला, आणि होताही. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलचे 'अँड्रॉइड मार्केट' आले. २०१२ साली त्याचे नाव 'गूगल प्ले' झाले. काटोलसारख्या गावात बसून जगभरच्या फोनवर आपली वस्तू पोचविता येईल, ही कल्पना त्याआधी कोणी केली नव्हती. दुकानांविरुद्ध आज जे लिहिले जाते त्यात हा भाग हटकून गळतो, म्हणून नमूद करून ठेवतो.

तीस टक्के ऐकून माझे प्रकाशक मित्र हसतात. मराठी पुस्तकाच्या विक्रेत्याला आणि वितरकाला तेवढी किंवा त्याहून अधिक सूट द्यावी लागते, हे त्यांना ठाऊक आहे. पण पुस्तकाची दुकाने अनेक आहेत. एका विक्रेत्याने पुस्तक ठेवले नाही तर दुसरा ठेवतो, दोघांनी नाकारले तर लेखक पिशवीत घालून साहित्य संमेलनात उभा राहतो. आयफोनवाल्या वाचकापर्यंत जायला मात्र आपल्याकडे एकच दार आहे. अँड्रॉइडवर आडवाट आहे, पण तिच्या तोंडाशी फोन स्वतःच धोक्याची पाटी लावतो.

मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना या आडवाटेचे विशेष ममत्व असायला हवे. संगणकावर युनिकोड मराठी रुळली ती 'गमभन', 'बरहा' यांसारख्या साधनांनी. ती कोणत्याही दुकानाच्या परवानगीने आली नव्हती. एकट्यादुकट्याने तयार करायची, संकेतस्थळावर ठेवायची, ज्याला हवी त्याने उतरवून घ्यायची. आजचे कित्येक ललितलेखक पहिले देवनागरी वाक्य टंकले ते अशा साधनावर, हे विसरले असतील. फोनच्या युगात मुंबईच्या आय. आय. टी.मधून २०१३ साली 'स्वरचक्र' हा मराठीसाठीही चालणारा कळफलक आला, तोवर मांडणी बदललेली होती: साधन बनविणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये आता दुकान उभे होते. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर तर देवनागरी धड उमटतही नसे, जोडाक्षरांची पार मोडतोड होई. ही उणीव बाहेरच्या कोणा हौशी माणसाला सहज दुरुस्त करता येत नव्हती. मालकाने मनावर घेतले तेव्हा ती गेली.

आणि एकदा तयार केलेली वस्तू दुकानात राहीलच असेही नाही. पुस्तक छापले की छापले. निर्णयसागरची जुनी पोथी आजही उघडून वाचता येते. अ‍ॅपचे तसे नाही. अ‍ॅपलने २०१७ साली आयफोनची नवी प्रणाली आणली तेव्हा जुन्या, ३२-बिटी पद्धतीने लिहिलेली सगळी अ‍ॅप एका दमात निकामी झाली. ज्यांच्या कर्त्यांनी ती पुन्हा लिहिली नाहीत त्यांचा शेवट झाला. गूगलच्या दुकानातही वेळोवेळी अद्ययावत न केलेले अ‍ॅप नव्या फोनवाल्यांना दिसेनासे होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने याला कारण आहे, नाही असे नाही. परंतु कंपनीजवळ त्यासाठी पगारी माणसे असतात. नोकरी सांभाळून रात्री शब्दकोशाचे किंवा अभंगगाथेचे अ‍ॅप लिहिणाऱ्याला हे दरवर्षीचे श्राद्ध झेपत नाही. मराठीच्या अभ्यासकांनी अशा हरवलेल्या अ‍ॅपांची एखादी सूची करायला हवी होती, असे मला फार वाटते.

टक्क्याचा प्रश्न त्यामानाने सुटत चालला आहे. अ‍ॅपलने २०२१च्या जानेवारीपासून छोट्या विकसकांसाठी तिसाचे पंधरा टक्के केले, गूगलने त्याच वर्षी जुलैपासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरांवर पंधरा. माझ्या विद्यार्थ्याचे अ‍ॅप फुकट असल्यामुळे त्याला तर अडत शून्य. तरी तो अडत म्हणाला, ते का? मला वाटते, तो रुमालाबद्दल बोलत होता. दुकानात लाखो वस्तू आहेत. शोधाच्या चौकटीत एखादा शब्द लिहिला की कोणती वस्तू वर यावी आणि कोणती चाळिसाव्या क्रमांकावर जावी, हे एक गणित ठरवते. ते गणित बनविणाऱ्याला दिसत नाही. २०१६ पासून अ‍ॅपलने शोधाच्या निकालातली वरची जागा जाहिरातीसाठी विकायलाही सुरुवात केली. शेतकऱ्याला निदान रुमाल दिसत असे आणि त्याखाली बोटे हालताहेत हे कळत असे.

यात एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर उपमेच्या आहारी गेल्यासारखे होईल. अडत्या उचल देत असे. लग्नाला, बियाण्याला, दुखण्याला त्याच्याकडूनच पैसे यायचे आणि त्या उचलीनेच शेतकरी त्याच्याशी बांधला जायचा. अ‍ॅपचे दुकान कोणालाही उचल देत नाही. त्याचे बांधणे निराळे: ग्राहक दुकानाचा असतो. आपले अ‍ॅप कोणी घेतले, त्याचे नाव-गाव काय, हे बनविणाऱ्याला सहसा कळतच नाही. उद्या दुकान बदलायचे म्हटले तर त्या लोकांना निरोप कसा धाडणार? दुसरे असे की अडत्याला चेहरा होता. त्याच्या गादीवर जाऊन भांडता येई, गावच्या चार लोकांना मध्ये घालता येई. इथे नकार येतो तो ठरावीक मजकुराच्या टपालाने, आणि उत्तराला उत्तरही बहुधा तसेच.

दुकानाविरुद्ध दाद मागण्याचा इतिहासही आता बराच साचला आहे. 'एपिक' या खेळ बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीने १३ ऑगस्ट २०२० रोजी दुकानाला वळसा घालून पैसे घ्यायची सोय केली, त्याच दिवशी तिचा खेळ दोन्ही दुकानांतून काढला गेला, आणि खटले सुरू झाले. युरोपात मोठ्या मंचांना वेसण घालणाऱ्या कायद्याची बंधने मार्च २०२४ पासून लागू झाली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०२२च्या ऑक्टोबरात पाच दिवसांच्या अंतराने गूगलला दोन दंड केले: अँड्रॉइडवरील वर्चस्वाबद्दल १,३३७.७६ कोटी आणि 'प्ले'मधील देयकपद्धतीबद्दल ९३६.४४ कोटी रुपये. दुसरा दंड अपिलात, मार्च २०२५ मध्ये, २१६.६९ कोटींवर आला. मधल्या काळात, १ मार्च २०२४ रोजी, शुल्काच्या वादावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप दुकानातून काढली. मुंबईची शादी डॉट कॉम त्यांत होती, नोकरी डॉट कॉम होती. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले, बैठक झाली, आणि काही दिवसांत अ‍ॅप परत आली. या सगळ्या वादांत वादी कोण आहेत ते पाहावे. मोठे आणि मोठे. वऱ्हाडच्या समितीत व्यापारी आणि नगरपालिका यांचे जमत नसे, तेव्हाही त्या भांडणाची इतिवृत्ते राहिली. बंडीवाल्याचे मत नोंदवायला तिथे रकाना नव्हता.

आडवाटेबद्दलही थोडे लिहायला हवे. १९७२ साली महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. हेतू चांगला होता: दलालांच्या साखळीतून शेतकऱ्याची सुटका. राज्यातला कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघाने घ्यायचा, खासगी व्यापाऱ्याला मज्जाव. पण मग भाव शेजारच्या राज्यात चढला की काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याला सौंसर, पांढुर्णा हाकेच्या अंतरावर दिसे, आणि मध्ये नाके असे. आपल्याच शेतातला कापूस रात्री सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा ठरला. शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध आवाज उठविला, तो याच मुद्द्यावर. या शतकाच्या आरंभी ती मक्तेदारी संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर दुकानाबाहेरून अ‍ॅप घालायचे असले तरी बनविणाऱ्याने आपली ओळख कंपनीकडे नोंदविलेली असली पाहिजे. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथून. बरीच टीका झाल्यावर नोव्हेंबरात जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवण्याचेही तिने जाहीर केले. कारण सांगितले गेले ते भेसळीचे: फसवी, घातक अ‍ॅप या वाटेने येतात. ते खोटे नाही. कारंज्याच्या बाजारातही भेसळ खोटी नव्हती. भेसळ थांबवायला उभारलेल्या नाक्यावर पुढे आणखी कशाकशाची जकात लागते, हे तपासायला आपल्याजवळ कारंज्यापासूनची कागदपत्रे आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या विद्यार्थ्याला सध्या तरी यातले काही भेडसावत नाही. त्याच्यापुढचे काम साधे आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांसाठी गूगलचा नियम असा की, अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी काही माणसांनी सलग चौदा दिवस त्याच्या चाचणीत सामील राहिले पाहिजे. आधी ही संख्या वीस होती, डिसेंबर २०२४ पासून बारा झाली. शहरात ओळखीचे बारा संगणकवाले एका निरोपात गोळा होतात. त्याने काटोलात गोळा केले ते असे: दोन मावसभाऊ, एक कृषी केंद्रवाला, महाविद्यालयाचे ग्रंथपाल, चार बागायतदार, बगीचे घेणारा एक व्यापारी, त्याची बहीण, बहिणीची मैत्रीण आणि बारावा मी. आंबिया बहाराची तोडणी ऐन भरात होती. नवव्या दिवशी एका बागायतदाराचा फोन क्रेट भरताना ट्रकमध्ये राहिला आणि संत्र्यांबरोबर नागपूरला, कळमना बाजारात जाऊन पोचला. विद्यार्थी तेव्हापासून तेरावा माणूस शोधतो आहे. माझ्या फोनवर मी रोज सकाळी ते अ‍ॅप उघडतो. माझ्याकडे एकच संत्र्याचे झाड आहे, अंगणात. त्याला पाणी दिल्याची नोंद करतो आणि बंद करतो.